विठाचं अर्धं शेत

सोनिवलीत बहिणीला जमिनीतलं अर्धं देणारा भाऊ एकच, आणि तो मी. हे मी तीस वर्षं सांगत आलो. लग्नात, बारशात, दहाव्याला, जिथे म्हणून चार माणसं जमतील तिथे सांगत आलो. बाकीच्यांनी बाप गेल्यावर बहिणींना रिक्षात घालून नेलं, हक्कसोडीच्या कागदावर अंगठे घेतले आणि परत येताना वडापाव खायला घातला. मी तसलं काही केलं नाही. मी दोरी घेऊन शेतावर गेलो.

आमचं शेत त्रिकोणी आहे. रस्त्याच्या बाजूला रुंद. तिथून आत एका अंगाने ओहोळ जातो, दुसऱ्या अंगाने बैलगाडीची जुनी वाट, आणि ही दोन्ही जवळ येत येत शेवटी एका जांभळापाशी मिळतात. तिथे शेताचं टोक. मी ओहोळाच्या अंगाने रस्त्यापासून जांभळापर्यंत दोरी ताणली, तिची बरोबर मधोमध घडी घातली आणि निम्म्यावर खुंटी ठोकली. वाटेच्या अंगानेही तसंच केलं. या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत बांध घातला. रस्त्याकडचं अर्धं माझं, टोकाकडचं अर्धं विठाचं.

विठा माझी धाकटी बहीण. गावातल्या गावात, खालच्या आळीत दिलेली. तिच्या सासरी गुंठाभरही जमीन नव्हती. मी तिला म्हणालो, "विठे, टोकाकडची बाजू तुला दिली. जांभूळपण तुझं." तिने बांधाकडे बघितलं, टोकाकडे बघितलं आणि म्हणाली, "बरं दादा."

आता कुणी म्हणेल, टोकाकडचा भाग लहान दिसत नव्हता का? दिसत होता की! पण मी अंबरनाथच्या कारखान्यात फिटर होतो. एकतीस वर्षांत माझ्या हातून अर्ध्या सुतानेही माप चुकलं नाही. डोळ्यांवर विश्वास ठेवेल तो फिटर कसला? डोळे फसवतात, माप फसवत नाही. दोरी निम्मी, म्हणजे शेत निम्मं.

दरसाल दिवाळीच्या आगेमागे खळ्यावर झोडणी व्हायची. माझं भात बारा पोती भरायचं, विठाचं पाच. पाऊस चांगला झाला तर दोघांचं थोडं वाढायचं, पण फरक तोच. मग मला चेव यायचा. "विठे, अर्ध्या शेतात पाचच पोती? भात लावतेस का पाखरांची पंगत उठवतेस?" माणसं हसायची. विठाही हसायची. "माझा हातच तसला," म्हणायची आणि पोत्याचं तोंड शिवायला बसायची. मला खरंच वाटायचं की हिला शेती जमत नाही. दोनदा तर मी तिला सल्लाही दिला.

गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटाला आमच्या बाजूच्या इमारतीच्या कामावरचा एक डंपर वळताना शेतात घुसला. आमचा बांध मधोमध फोडून गेला. डंपरवाला बिचारा खाली उतरून हात जोडत होता, पण मी त्याला सोडला नाही. अर्धा तास बोललो. घरी येऊन ठरवलं की आता मातीचा बांध नकोच. दगडी घालायचा. एकदा दगड बसला की माझ्या पोरांनी आणि विठाच्या पोरांनी शंभर वर्षं भांडायला नको. गवंडी सोमवारी येणार होता. शनिवारी सकाळी मी माळ्यावरून तीच जुनी दोरी काढली, खुंट्या घेतल्या, खुणेसाठी चुन्याची फक्की घेतली आणि दुसरं टोक धरायला तेजलला बरोबर घेतलं.

तेजल माझी नात. तेव्हा ती नुकतीच दहावीत गेली होती. बदलापूरला सुट्टीतला क्लास सुरू झाला होता, त्यामुळे मोबाइलमधून डोकं वर काढलं की ती भूमितीत घालायची. मी ओहोळाच्या अंगाने दोरी ताणली, घडी घातली, खुंटी ठोकली. वाटेच्या अंगाने तेच. खुंट्या जुन्या बांधाच्या दोन्ही टोकांवर बरोबर आल्या. तीस वर्षांनी! मी खूश होऊन तेजलकडे बघितलं. म्हटलं, आता आजोबांचं कौतुक होणार.

"आबा," ती म्हणाली, "हे अर्धं नाहीये."

"दोरी अर्धी केली का नाही? तुझ्यासमोर केली."

"दोरी अर्धी झाली. शेत नाही झालं."

मला राग यायला वेळ लागत नाही. "काय अक्कल पाजळतेस? तुझा बाप जन्मला नव्हता तेव्हापासून मापं घेतोय मी."

"अरे यार आबा, सिंपल आहे." तिने काटकीने मातीत त्रिकोण काढला. "विठाआजीचा त्रिकोण दिसायला अख्ख्या शेतासारखाच आहे ना? तसाच, फक्त छोटा. समरूप. आता बाजू निम्मी झाली, मतलब लांबी निम्मी झाली आणि रुंदी पण निम्मी झाली. निम्म्याचं निम्मं. समरूप त्रिकोणांच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर हे त्यांच्या संगत बाजूंच्या वर्गांच्या गुणोत्तराएवढं असतं. बाजू एकास दोन, तर क्षेत्रफळ एकास चार. विठाआजीकडे पाव आहे. तुमच्याकडे पाऊण."

"पुस्तकातलं पुस्तकात ठेव," मी म्हणालो. "शेत पुस्तकात पिकत नाही."

ती फक्कीचा डबा उचलून रस्त्याच्या कडेला गेली, ती कड पावलांनी मोजली आणि मधोमध एक खूण केली. तिथून ओहोळाकडच्या खुंटीपर्यंत चुन्याची रेघ ओढत गेली. परत येऊन तिथूनच वाटेकडच्या खुंटीपर्यंत दुसरी रेघ ओढली. माझ्या अर्ध्या शेताचे आता तीन तुकडे झाले होते. तिन्ही त्रिकोणी.

"चला," ती म्हणाली. "विठाआजीच्या शेताला आधी चक्कर मारा. पावलं मोजा. मग या तिघांना मारा."

मी मुद्दाम मोठ्याने मोजत निघालो. हिची खोड जिरवायची होती. विठाचं शेत ओहोळाच्या अंगाने चोपन्न पावलं, वाटेच्या अंगाने अठ्ठावन्न, बांधावर चाळीस. मग माझ्या बाजूचा पहिला तुकडा. चोपन्न, अठ्ठावन्न, चाळीस. दुसरा तुकडा उलटा होता, टोक रस्त्याकडे. चोपन्न, अठ्ठावन्न, चाळीस. तिसऱ्याला मी मनातल्या मनात मोजत होतो. शेवटच्या कडेला छत्तीस, सदतीस, अडतीस झालं तेव्हा मी थांबलो. उरलेली दोन पावलं मी तिथूनच डोळ्यांनी मोजली.

माझ्या शेतात विठाची तीन शेतं होती.

"पूस ते," मी म्हणालो.

"काय?"

"त्या रेघा पूस म्हटलं. येणारं-जाणारं बघतंय."

"चुना आहे आबा, पुसला जात नाही," तेजल म्हणाली. मग तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि दोरीचं टोक उचललं. आम्ही दोरी गुंडाळून घरी आलो. वाटेत मी तिला ऊन लागेल म्हणून ओरडलो, चप्पल घासत चालते म्हणून ओरडलो.

मी काही साधुसंत नाही. त्या दुपारी खाटेवर पडून माझ्या मनात काय काय आलं ते सांगतो. सोमवारी गवंडी येईल, जुन्या जागी दगड बसेल, वर्षा-दोन वर्षांत तेजल ही गोष्ट विसरून जाईल. विठाची कधी तक्रार नाही. चुना पावसात जाईल. झाकली मूठ सव्वा लाखाची. हे सगळं मी नीट विचार करून ठरवत होतो आणि तेवढ्यात ते आकडे डोक्यात आले. बारा आणि पाच.

बारा पोती तीन तुकड्यांत. म्हणजे माझ्या एकेका तुकड्याला चार. विठाची पाच, ती एका तुकड्यात.

मी उठून बसलो. पुन्हा हिशेब केला. तोच आला. त्याच पाण्यावर, त्याच मातीत, माझ्याकडे ट्रॅक्टर, माझ्याकडे दुकानातलं खत, आणि त्या बाईने तेवढ्याच जागेत माझ्यापेक्षा पोतंभर जास्त काढलं होतं. एक वर्ष नाही, तीस वर्षं! आणि तीस वर्षं मी तिला भर खळ्यावर शेती शिकवत होतो. मला शेताच्या वाटणीची लाज वाटली त्याहून त्या दोन सल्ल्यांची जास्त वाटली.

बायको गोदू पंख्याखाली तांदूळ निवडत बसली होती. तिला म्हटलं, "अगं, विठाचं शेत अर्धं नाही. पाव आहे."

"हो का," ती मान वर न करता म्हणाली.

"हो का काय? तुला माहीत होतं?"

"लावणीला वाकत्यात त्या सगळ्या बायांना माहीत हाय. तिचं शेत दुपारच्या जेवणाला उरकतं, आपल्याला दीड दिस जातो."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

आता तिने मान वर केली. "तुम्हांला? मापाच्या माणसाला?"

रविवारी सकाळी उजाडता उजाडता मी विठाच्या शेतावर गेलो. ती राब भाजायच्या तयारीत होती. राब म्हणजे भाताची रोपं जिथे आधी पेरून वाढवतात तो वाफा. त्यावर शेण, पालापाचोळा, वर मातीचा थर पसरून तो भाजायचा, म्हणजे तण मरतं आणि रोप दणकट येतं. अंगमेहनतीचं काम. मी ते वीस वर्षांपूर्वीच सोडलं होतं. दुकानातून पिशव्या आणतो. विठा अडुसष्ट वर्षांची आहे. जांभळाखाली पाल्याचा ढीग रचलेला, डोक्यावर शेणाची पाटी, पदर कमरेला खोचलेला. चुन्याच्या रेघा तिने बघितल्या असणार, कारण मला बघून ती गालात हसली.

"विठे," मी म्हणालो, "तुझं शेत अर्धं नाही गं."

"ठावं हाय मला."

"कधीपासून?"

"पहिल्या लावणीपास्नं." तिने पाटी खाली रिकामी केली. "तुझ्या बाजूला रोपांच्या सहाशे जुड्या गेल्या, माझ्या बाजूला दोनशे. मला तुझ्या दोरीतलं कळत नाय. पण जुड्या खोटं कशाला बोलतील?"

"मग बोलली का नाहीस? तीस वर्षं!"

ती हाताने शेण पसरत राहिली. मला वाटलं आता म्हणेल, भावाच्या मायेपोटी गप्प राहिले. तसं म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं.

"त्या साली आमच्या आळीत चौघींचे भाऊ कागद घेऊन आले," ती म्हणाली. "तू दोरी घेऊन आलास. उन्हात घाम पुसत मोजत होतास, मनापास्नं. मी म्हटलं, ह्याला चुकलास म्हणून सांगितलं तर हा भडकंल. आन् भडकल्यावर हा काय करतो ते मला लहानपणापास्नं ठावं हाय. हाय तो पावपण जायचा. म्हणून गप बसले."

 ती म्हणाली ते शंभर टक्के खरं होतं. त्या वयात मी तसंच केलं असतं. दोरी फेकली असती, 'जा, मग काहीच मिळणार नाही' म्हणालो असतो आणि वर चार माणसांत सांगितलं असतं की बहिणीला हाव सुटली.

"आणि मी खळ्यावर चिडवायचो ते?"

"त्याचा राग यायचा. लय यायचा," ती सरळ म्हणाली. "म्हणून तर एवढा राब भाजायची. म्हटलं, ह्याला कळो न कळो, मला तर कळतंय."

धाकट्या बहिणीच्या पाया पडायची आपल्यात रीत नाही. मी रिकामी पाटी उचलली, शेणाच्या ढिगाकडे गेलो, भरून आणली आणि तिच्यापुढे ओतली. अशा सात पाट्या आणल्या. ती 'राहू दे' म्हणाली नाही, त्याचं मला बरं वाटलं.

मग मी तेजलला उठवून शेतावर आणलं. माझ्या अंगात आता उदारपणा संचारला होता. "तीस वर्षांचं देणं आहे," मी म्हणालो. "बांध निम्म्यावरून उचलून पाऊण दोरीवर नेऊ. होऊ दे खर्च."

"पाऊण नको आबा," तेजल म्हणाली. "तीन त्रिक नऊ, चार चोक सोळा. सोळातले नऊ भाग विठाआजीचे होतील. अर्ध्याच्या वर जाईल."

"जाऊ दे की!"

"नको," विठा म्हणाली. "मला जास्त नको. तू अर्धं म्हणाला होतास, अर्धं दे."

हे तिने इतक्या साध्या आवाजात सांगितलं की माझा उदारपणा जागच्या जागी उतरला. मी तेजलला विचारलं, "मग अर्ध्याचा बांध नेमका कुठे येतो?"

आणि इथे माझ्या नातीने जे केलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. ती म्हणाली, "तुमचीच घडी घातलेली दोरी द्या." समोरच्या मोकळ्या शेतात तिने निम्मी दोरी सरळ ताणायला लावली. "आता इथून काटकोनात वळायचं." काटकोन मी लावून दिला, तीन, चार, पाच हातांवर गाठी मारून काटकोन कसा धरायचा ते कुठल्याही फिटरला झोपेत विचारा. त्या कोनातून उरलेली निम्मी दोरी दुसऱ्या दिशेला ताणली. दोन निम्म्या दोऱ्या, मध्ये काटकोन. मग तिने दुसरी एक दोरी घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत तिरपी ताणली.

"ही तिरपी लांबी," ती म्हणाली. "जांभळापासून एवढी मोजा, तिथे खुंटी. हिच्यावरचा चौरस निम्म्या दोरीच्या चौरसाच्या बरोबर दुप्पट असतो. आजीचं शेत पाव होतं, त्याची दुप्पट झाली की अर्धं."

मला सगळं कळलं असं नाही. पण तिरपी दोरी जांभळापासून धरली आणि ती शहात्तर पावलांवर संपली. जुन्या खुंटीच्या बावीस पावलं पुढे, रस्त्याकडे. वाटेच्या अंगाने त्याच रीतीने ब्याऐंशी, म्हणजे चोवीस पावलं पुढे. एक टोक विठाने धरलं होतं, एक तेजलने, आणि खुंटी मी ठोकली. माझीच दोरी, तीच घडी, आणि तीस वर्षांत मला जे दिसलं नाही ते पंधरा वर्षांच्या पोरीने तिच्यातूनच काढून दाखवलं. मी तिला तसं सांगितलंही. ती म्हणाली, "टेन्शन नका घेऊ आबा, परीक्षेत तीन मार्कांना असतं हे."

सोमवारी गवंडी आला तेव्हा त्याने विचारलं, जुना बांध तर तिकडे होता? मी म्हणालो, "तो चुकला होता." हे वाक्य मी त्या आठवड्यात पुष्कळ जणांना सांगितलं. सोपं नव्हतं. चहाच्या टपरीवर एकाने विचारलं, "काय आनंदा, बहिणीला अर्धं दिलं होतं ना?" मी म्हणालो, "दिलं नव्हतं. आता दिलं."

मग पाऊस झाला, लावण्या झाल्या, भात पिकलं. दिवाळीनंतर खळ्यावर झोडणी झाली. मला हिशेब आधीच कळला होता, तरी पोती भरताना मी मोजत होतो. माझी आठ झाली. विठाची नऊ भरली, दहाव्याला तोंड शिवायला सुतळी लागली.

खळ्यावर नेहमीची माणसं होती. सगळ्यांना माझं ते जुनं वाक्य पाठ होतं. सगळे विठाकडे बघायला लागले. गोदूसुद्धा पदर तोंडाला लावून वाट बघत होती. मीही मान खाली घालून उभा राहिलो. पाखरांच्या पंगतीचं वाक्य आता माझ्या वाट्याला येणार होतं, आणि ते माझ्या हक्काचं होतं.

विठाने दहाव्या पोत्याचं तोंड शिवलं. दाताने सुतळी तोडली. माझ्या आठ पोत्यांपाशी आली, एका पोत्यातून मूठभर भात काढून तळहातावर पसरलं आणि बराच वेळ निरखून बघितलं.

"दादा," ती म्हणाली, "पुढल्या साली रोपं माझ्या राबातून ने."